तळं डाव्या हाताला

'अंत्य हिमोढ' हे दोन शब्द मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिले. वाईच्या शाळेत भूगोल शिकवायची. हिमनदीचं कार्य हा धडा आला की खडूने एक लांबट जीभ काढायची, जिभेच्या टोकाशी, हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीची खूण म्हणून, ठिपक्यांची रांग काढायची आणि खाली ते दोन शब्द लिहायची. मुलं आकृती वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत दोन मार्क मिळवायची. वर्गातल्या कुणीच हिमनदी पाहिलेली नव्हती, मीही नाही. आमचा भूगोल म्हणजे कृष्णा नदी, धोमचं धरण, पांडवगडाचा काळा कातळ. ते सगळं खिडकीतून दाखवता यायचं. हिमोढ मात्र कायम फळ्यावरच राहिला.

म्हणून निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेत गेले आणि एका ऑक्टोबरच्या सकाळी तिने मला एका झाडीच्या टेकडीवर उभं करून सांगितलं, "आई, हा तुझा हिमोढ," तेव्हा मी काही वेळ बोललेच नाही.

लेक मॅडिसनला राहते. विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी. तिथून वायव्येला गाडीने तासाभरावर बाराबू नावाचं छोटं गाव आहे आणि गावाच्या दक्षिणेला डेव्हिल्स लेक हे तळं. राज्य सरकारने १९११ साली इथे उद्यान केलं. आज त्याचा विस्तार नऊ हजार एकरांहून जास्त आहे. तळं त्यामानाने लहान, साधारण ३६० एकरांचं. पूर्वेला आणि पश्चिमेला पाण्यापासून पाचशे फूट उठलेले खडकाचे कडे, आणि उत्तरेला नि दक्षिणेला सपाट काठ. या तळ्याभोवती पायवाटेने पूर्ण वळसा घालता येतो. अंतर सुमारे पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. थांबत, बघत, खात गेलं तर चार तास लागतात.

अशा वाटेला तिकडे 'मध्यम' म्हणतात. मध्यम म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घ्यायला हवं. एकूण चढ पाचशे फुटांचा. सिंहगड आतकरवाडीतून चढणाऱ्याला तो कितीतरी कमी वाटेल. निम्मी वाट तर काठाने, जवळजवळ सपाटीवरून जाते. पण उरलेल्या निम्म्या वाटेत दगडी पायऱ्यांचा एक सलग उभा टप्पा आहे. काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच आहेत, मध्येच हात टेकावे लागतात, आणि वर कड्याच्या अगदी धारेने चालताना कठडा नाही. दम असलेल्या माणसाला वाट सोपी आहे. बेसावध माणसाला मात्र ती सोपी नाही. मी चौसष्ट वर्षांची आहे, उजवा गुडघा कुरकुरतो, तरी मी ती दोनदा पूर्ण केली आहे.

दोनदा, कारण पहिल्या वेळी दिशा चुकली. देवळाच्या सवयीने मी उजव्या हाताने निघाले: उत्तर काठावरून आधी पूर्वेचा कडा, मग दक्षिण, मग पश्चिम. तळ्याला प्रदक्षिणाच ती. त्यामुळे तो उभा दगडी टप्पा नेमका उतरताना आला. उतरताना प्रत्येक पायरीला सगळा भार गुडघ्यावर येतो. खाली पोचेपर्यंत गुडघा भरून आला आणि पुढचे आठ दिवस मी शेकत बसले. दुसऱ्या खेपेला आम्ही उलट निघालो: तळं डाव्या हाताला, आधी पश्चिमेचा सपाट काठ, मग दक्षिण, मग तो टप्पा चढून पूर्वेच्या कड्यावर, आणि शेवटी उत्तरेकडचा सौम्य उतार. गुडघे जपायचे असतील त्यांनी असंच जावं. छातीला श्रम झाले तर पाच मिनिटं बसून ते भरून निघतात, गुडघ्याचं तसं नसतं.

दुसऱ्या खेपेला लेक, मी आणि अकरा वर्षांची नात अशा तिघी होतो. वार बुधवार. शनिवार-रविवारी इथे इतकी गर्दी होते की सकाळी दहानंतर गाडी लावायला जागा शोधावी लागते. आत जायला गाडीच्या काचेवर लावायचं प्रवेशाचं स्टिकर घ्यावं लागतं. पिशवीत प्रत्येकीला दीड लिटर पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सफरचंदं. पायात तळाला खाचा असलेले बूट. साधे चालायचे बूट इथे चालत नाहीत, कारण हा खडक आमच्या कातळासारखा खरबरीत नाही. त्याविषयी आता सविस्तर सांगते, मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते त्याच्याविषयी.

पश्चिमेच्या काठाने जाणाऱ्या वाटेचं नाव टम्बल्ड रॉक्स, म्हणजे गडगडलेले खडक. पहिली पाच मिनिटं ती ओक आणि पाइनच्या सावलीतून जाते आणि मग एकदम झाडी संपते. डावीकडे पाणी, उजवीकडे वरपर्यंत नुसते दगड. रिक्षाएवढे, कपाटाएवढे, घागरीएवढे, एकावर एक कसेही पडलेले. माती नाही, गवत नाही. कड्यावरून निघून आलेला हा ढीग थेट पाण्यात उतरतो आणि पाण्याखालीही दिसत राहतो. वाट या ढिगाच्या अंगावरून काढली आहे. एक मैलभर आपण दगडांच्या राशीतूनच चालतो.

दगडांचा रंग गुलाबी. काही ठिकाणी जांभळट, भिजलेल्या ठिकाणी कच्च्या मांसासारखा लाल. दख्खनच्या काळ्या दगडात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला तो रंग डोळ्यांत मावेना. हा क्वार्ट्झाइट. मुळात ही वाळू. सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ पाण्यात वाळूचे थरावर थर साचले, दाबाने त्यांचा वालुकाश्म झाला, मग जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून त्याचा रूपांतरित खडक झाला. गुलाबी रंग त्यातल्या लोहाच्या गंजाचा. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. वर्गात मी त्याला 'अतिप्राचीन' म्हणायची. या दगडासमोर तो कालपरवाचा.

वाटेत एका सपाट शिळेपाशी मी नातीला थांबवलं. शिळेच्या अंगावर एकीशेजारी एक अशा वळ्या होत्या. घाटावर कृष्णेचं पाणी ओसरलं की ओल्या वाळूवर उमटतात, अगदी तशा. एक बाजू जरा उभी, दुसरी उतरती. दोन वळ्यांच्या मधल्या पन्हळीत तिची दोन बोटं बरोबर बसली. ती बोटं फिरवत राहिली.

"आजी, हे कुणी कोरलंय?"

"पाण्याने."

"पण पाणी तर खाली आहे."

मग मी तिला सांगितलं, की हे या तळ्याचं पाणी नव्हे. त्या काळच्या पाण्याने ही वाळू हलवली तेव्हा जमिनीवर गवताचं पातं नव्हतं, समुद्रात मासा नव्हता. त्या दिवशी लाटा वाळूवरून गेल्या, वर दुसरा थर बसला, आणि त्या वळ्या तशाच्या तशा मिटून राहिल्या. शिळा कड्यावरून निखळून पडली आणि थर उघडा झाला. लहरींच्या खुणांची आकृती पुस्तकात असते, मीही ती काढली आहे. पण वळीची उभी बाजू बोटाला लागते आणि त्यावरून पाणी कुठून कुठे वाहत होतं ते कळतं, हे मला त्या दिवशी हाताने समजलं.

दुसरा प्रयोग किल्लीचा. वाटेवरचा लिंबाएवढा सुटा खडा उचलून मी नातीला म्हटलं, यावर घराची किल्ली जोर देऊन ओढ. चमकती रेघ उठली. दगडाला चरा पडला, असं तिला वाटलं. मी अंगठ्याने घासलं तर रेघ पुसली गेली. दगडाचं काहीच झालं नव्हतं, किल्लीचाच धातू झिजून दगडावर उतरला होता. काठिण्याच्या दहाच्या मापात क्वार्ट्झ सातवर बसतो, किल्लीचं पितळ त्याच्या निम्म्यावर. पावलांनी घासून या दगडाला खडबडीतपणा येत नाही, उलट चकाकी येते. पाऊस पडला किंवा दव असलं की त्यावरून बूट सटकतो. म्हणून ओल्या दिवशी ही वाट करू नये. एक दिवस थांबावं. खडा आम्ही होता तिथे ठेवला, इथून दगड न्यायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

हा ढीग झाला कसा, याचं उत्तर बर्फाच्या काळात आहे. बर्फ इथून जवळच होता तेव्हा हवा ध्रुवाजवळच्या प्रदेशासारखी होती. दिवसा भेगांत पाणी उतरायचं, रात्री गोठायचं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाचर ठोकल्यासारखी भेग दर खेपेला थोडी रुंदावते आणि एक दिवस शिळा सुटते. याला आम्ही कायिक विदारण म्हणतो. वर्गात मी फ्रीजरमध्ये फुटलेल्या बाटलीचं उदाहरण द्यायची. इथे शेकडो फुटांचा अख्खा उतार त्याचा पुरावा होऊन पडला आहे. आता शिळांवर दगडफुलाचे राखाडी-हिरवे डाग धरलेत, म्हणजे बहुतेक शिळा फार काळ हललेल्या नाहीत.

या ढिगाविषयी इथल्या मूळ रहिवासी हो-चंक लोकांची गोष्ट वेगळी आहे. हा मुलूख त्यांचा, आणि तळ्याचं त्यांचं नाव 'पवित्र तळं' अशा अर्थाचं आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याचं 'सैतानाचं' करून टाकलं. ते मला खटकतं. तिथे कुणाही माणसाने दोन मिनिटं उभं राहावं आणि कुठलं नाव शोभतं ते सांगावं. त्यांच्या कथेत आकाशातले गरुडासारखे मेघपक्षी आणि पाण्यातल्या शक्ती यांची लढाई झाली. वरून विजा कोसळल्या, खालून शिळा भिरकावल्या गेल्या आणि कडे फुटून पडले. उत्तर काठाजवळ आणि दक्षिणेला त्यांच्या पूर्वजांनी हजारेक वर्षांपूर्वी रचलेले मातीचे उंचवटे आहेत, प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या आकाराचे. दक्षिणेकडचा पक्षी इतका मोठा आहे की जवळून नुसता गवताचा बांध वाटतो. त्यावर चढायचं नाही. लोक तिथे चादर अंथरून बसतात तेव्हा वाईट वाटतं.

दक्षिण काठावर आम्ही दशम्या खाल्ल्या. इथला भाग सपाट, पोहायला वाळू, बसायला बाकं. त्याविषयी जास्त सांगण्यासारखं नाही. पाणी इथेच भरून घ्यावं, वर मिळत नाही.

मग रेल्वेचे रूळ ओलांडायचे. पूर्वेच्या काठाने कड्याच्या पायथ्याशी १८७३ पासून लोहमार्ग आहे आणि त्यावरून अजून मालगाड्या जातात, तेव्हा दोन्ही बाजू पाहूनच पलीकडे जायचं. पलीकडे बॅलन्स्ड रॉकची वाट सुरू होते, तोच तो उभा टप्पा. अंतर अर्ध्या मैलाच्याही आत, पण जवळजवळ सगळी चढण याच तुकड्यात. दगडांच्याच राशीत दगडांच्याच पायऱ्या बसवल्या आहेत, नागमोडी. कुठे पायरी आहे आणि कुठे नुसता दगड, हे कधी कधी पाय टाकल्यावर कळतं.

या पायऱ्यांवर मी मुद्दाम हळू चढले, कारण त्या कुणी घातल्या ते मला ठाऊक होतं. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत लाखो तरुण बेकार झाले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ मध्ये त्यांच्यासाठी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोर नावाची योजना काढली. महिना तीस डॉलर, त्यातले पंचवीस घरी पाठवायचे, राहणं-जेवण छावणीत, आणि काम जंगलं, वाटा, बंधारे यांचं. १९३५ ते १९४१ या काळात डेव्हिल्स लेकला अशी छावणी होती. इथल्या वाटा आणि पायऱ्या घडवण्यात त्या पोरांचे हात आहेत. आम्हाला बहात्तरच्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं आठवतात. माझे वडील सांगायचे, अमुक पाझर तलावावर आपल्या गावच्या बायकांनी खडी फोडली. कुणाच्या तरी कठीण दिवसांत घातलेल्या दगडावर पाऊल ठेवून आपण वर जातोय, हे चढताना मनात असलं की धाप लागल्याची तक्रार करवत नाही.

चढताना एक करावं: तीस-चाळीस पायऱ्यांनंतर थांबावं आणि मागे वळून बघावं. प्रत्येक थांब्याला तळं मोठं होत जातं. आधी फक्त काठ दिसतो, मग पश्चिमेचा कडा, मग त्या कड्याची पाण्यातली उलटी सावली. आमच्या मागून येणारे दोघं कॉलेजचे तरुण सरसर वर गेले आणि पुढच्या वळणावर कंबरेवर हात ठेवून उभे सापडले. आम्ही एका चालीने चढत त्यांच्यापुढे गेलो. चढ चढायची रीत जगात सगळीकडे एकच असावी.

बॅलन्स्ड रॉक म्हणजे तोललेला दगड. माणसापेक्षा बराच उंच, वरून रुंद आणि खाली निमुळता, कड्याच्या कडेला एवढ्याशा बुडावर उभा. आजूबाजूचा खडक विदारणाने निघून गेला, हा राहिला. लोक त्याला पाठ लावून फोटो काढतात. आम्ही जवळ गेलो, बघितला, हात लावला नाही.

वर पोचलं की वाट दोन्हीकडे जाते. तळ्याच्या कडेने उत्तरेला गेलं की वळसा पुरा होतो, पण आधी अर्धा मैल पूर्वेकडे जाऊन यावं, कारण तिथे दोन गोष्टी आहेत. एक डेव्हिल्स डोअरवे, खडकांची नैसर्गिक कमान. तिचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असतो. दुसरी गोष्ट बघायला फारसं कुणी थांबत नाही. पॉटहोल्स नावाच्या वाटेने चार पावलं खाली उतरलं की खडकात गुळगुळीत गोल खळगे दिसतात, वाटीएवढे, परातीएवढे. मी पाहिलं मात्र आणि मला निघोज आठवलं. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे दाखवायला मी मुलांची सहल नेली होती. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगरत राहतात आणि खडकाला आतून रांजणासारखं घासतात. निघोजचे रांजण माणूस आत उतरेल एवढे, आणि नदी तिथे अजून वाहते. इथे खळगे आहेत, पण नदी नाही. पाण्यापासून पाचशे फूट उंचावर, कड्याच्या माथ्यावर, कधीकाळी पाणी खळाळत होतं, एवढंच हे खळगे सांगतात. नातीला मी 'पॉटहोल' या शब्दाऐवजी 'रांजणखळगा' म्हणायला शिकवलं. मॅडिसनमध्ये वाढलेल्या मुलीच्या तोंडून तो शब्द ऐकताना फार बरं वाटलं.

कड्याच्या याच दक्षिणेकडच्या धारेवर बसून तळ्याची जन्मकथा एका नजरेत दिसते. तुम्ही इथे आलात तर इथे अर्धा तास काढा.

समोर पसरलेली दरी एका जुन्या नदीने कापली. तळं आज जिथे आहे तिथून ती गुलाबी डोंगर चिरून वाहत होती. दोन्ही बाजूंचे कडे म्हणजे त्या नदीच्या घळीच्या भिंती. सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी कॅनडाकडून आलेल्या महाकाय हिमस्तराची एक जीभ पूर्वेकडून इथपर्यंत पोचली. शास्त्रज्ञ तिला ग्रीन बेची जीभ म्हणतात. हिमयुगाच्या त्या शेवटच्या कालखंडाला उत्तर अमेरिकेत विस्कॉन्सिनचंच नाव आहे. हे टणक डोंगर बर्फाला आडवे आले. बर्फ त्यांना वळसा घालत पुढे सरकला आणि घळीच्या दोन्ही तोंडांशी येऊन थांबला, एक टोक उत्तरेला, एक आग्नेयेला. मधली घळ मोकळीच राहिली. पश्चिमेच्या कड्यावर तर बर्फ कधी चढलाच नाही. तिथून पुढे पश्चिमेला हजारो चौरस मैलांचा मुलूख बर्फाने न शिवलेला आहे.

बर्फ थांबला म्हणजे तो स्तब्ध झाला असं नव्हे. मागून नवा बर्फ येत होता आणि टोकाशी तितकाच वितळत होता. सरकत्या पट्ट्यावरून माल येऊन एकाच जागी पडावा तसे त्याने ओढून आणलेले दगड, वाळू, माती टोकाशी पडत राहिले. बर्फ गेला तेव्हा घळीच्या दोन्ही तोंडांना दोन बांध, म्हणजेच अंत्य हिमोढ, उरले होते. दोन बुचं, मध्ये पाणी. नदीने आपली वाट कधीच दुसरीकडे काढली होती. तेच हे तळं. आजही त्याला वाहून जाणारा ओढा नाही. लहानसा ओढा आत येतो, पाऊस आणि झऱ्यांचं पाणी येतं, आणि जमिनीत झिरपून किंवा वाफ होऊन जातं. पाणी कुठेच पन्नास फुटांहून खोल नाही, पण तळाशी जुन्या घळीत शेकडो फूट गाळ भरलेला आहे. म्हणजे दिसणाऱ्या कड्याच्या खाली तेवढाच कडा पुरलेला आहे.

नातीने दोन्ही हात समोर धरून तळव्यांनी मधली जागा बंद केली. "असं?" म्हणाली. अगदी असं. माझ्या फळ्यावरच्या आकृतीपेक्षा चांगलं.

तिथून उत्तरेकडे पूर्वेच्या कड्याची वाट साधारण पावणेदोन मैल, आणि ती सबंध वळशातली सगळ्यांत सुंदर. ओक, हिकरी, मेपल, मध्ये मध्ये कड्याच्या फटीत मूळ रोवून वाकडे वाढलेले सीडर. ऑक्टोबरात मेपल पेटल्यासारखा लाल होतो आणि ओक तांबूस तपकिरी. दहा मिनिटं रानातून, मग एकदम धारेवर, मग पुन्हा रान. धारेवर गेलं की गिधाडं आपल्या पातळीवर तरंगताना दिसतात, पंख किंचित वर उचललेले, इतक्या जवळून की पिसांच्या टोकांची बोटं मोजता येतात. ही तिकडची टर्की गिधाडं, आपल्याकडच्यांपेक्षा वेगळ्या कुळातली. आपल्याकडची गिधाडं माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. म्हणून असेल, पण आकाशात घिरट्या घालणारी ती काळी आकृती पाहून मी दर वेळी थांबले.

या पट्ट्यात जपण्यासारख्या गोष्टी: गळलेल्या पानांखाली लपलेल्या पायऱ्या आणि त्यांवर लोळणारी ओकची फळं, पाय पडला की गोटीसारखी फिरतात. तीन-तीन पानांच्या झुपक्याची पॉयझन आयव्ही, जिला लागल्यावर अंगावर पाणीभरले फोड येतात. आणि गोचीड. तिथल्या हरणांवरची बारीक गोचीड चावली तर लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून विजार मोज्यात खोचायची आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे नीट तपासायचं. खुळखुळ्या साप या टेकड्यांत आहेत, पण ते लाजाळू. न बघता दगडाच्या फटीत हात घालू नये, एवढं पुरे.

धारेवर असतानाच खालून मालगाडी गेली. आधी नुसता घुमारा, मग तळ्याच्या काठाने सरकणारी डब्यांची ओळ. कडा आवाज परत फेकत होता, त्यामुळे गाडी गेल्यावरही ती आहेच असं वाटत राहिलं.

उत्तरेच्या टोकाशी एलिफंट रॉक, हत्तीच्या पाठीसारखा खडक. बाराबू हे रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीचं गाव. १८८४ साली त्यांनी सर्कस तिथून सुरू केली, आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी काढली त्यानंतर चारच वर्षांनी. लहानपणी वाईच्या मैदानात तंबू पडायचा तेव्हा हत्ती बघायला आम्ही पहाटे जायचो. त्या आठवणीने मी त्या खडकावर पाच मिनिटं बसले. तिथून पायऱ्या सौम्यपणे उतरत उत्तर काठाला येतात.

काठामागची टेकडी, जिच्यावर लेकीने मला पहिल्यांदा उभं केलं होतं, तिच्यावर आम्ही पुन्हा गेलो. बघायला ती काहीच नाही. झाडी, पाचोळा, मऊ उतार. एका जागी पावसाने माती खचून कड उघडी पडली होती. मी खाली बसून बघितलं. मातीत सगळं एकत्र होतं, चाळल्याशिवाय टाकल्यासारखं: पिठासारखी माती, वाळू, सुपारीएवढे खडे, नारळाएवढे गोटे. नदी असं ठेवत नाही. नदी निवडून ठेवते, जड आधी, हलकं नंतर. न निवडता टाकतो तो बर्फ. हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा बोललेली. गुलाबी दगडांमध्ये एक करडा, काळे-पांढरे ठिपके असलेला गोटा होता. ग्रॅनाइट. या डोंगरांतला तो नव्हे, ईशान्येकडून कुठून तरी बर्फाच्या पोटातून आलेला. एका बाजूने सपाट घासलेला. मी तो तळहातावर धरला. चांगलाच जड होता, आणि सावलीतला असल्याने गार.

मग तो होता त्या खाचेत परत बसवला.

त्या टेकडीचा मी फोटो काढला आणि शाळेत आता माझा वर्ग घेणाऱ्या तरुण शिक्षकाला पाठवला. खाली लिहिलं: अंत्य हिमोढ. भारतात पहाट होती, तरी त्याचं उत्तर लगेच आलं: "मॅडम, फोटो छान आहे. पण यात हिमोढ कुठे दिसतोय? मला फक्त झाडं आणि मागे पार्क केलेल्या गाड्या दिसताहेत."

मी फोटोवर बोटाने रेघ ओढली, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, टेकडीच्या माथ्याने, आणि परत पाठवला.